बदकाला बुरशीचा मका चालत नाही

उसाला जोडधंदा म्हणून बदके पाळू इच्छिणाऱ्या सभासद बंधूंसाठी हे चार शब्द. 'बदक काय, काहीही खातं' असे आपण सहज म्हणतो. खातं हे खरं, पण सोसतं का?

१९६० साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी दगावले. बदकांची पिलेही मेली. शोध घेता दोष निघाला ब्राझीलहून आणलेल्या शेंगदाणा पेंडीत. पेंडीवरच्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. ते यकृतावर घाला घालते. बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे, की पुढे पेंड विषारी आहे का, हे शास्त्रज्ञ पिलांना ती चारूनच तपासू लागले!

तेव्हा पोत्यात भिजून काळवंडलेला मका 'फेकण्यापेक्षा बदकांना टाकू' हा हिशेब आम्हाला तरी महागातला वाटतो. शिजवून घातला तरी विष पुरते जात नाही.

चांगल्या मक्याचेही एक आहे. निव्वळ मक्याच्या भरड्यावर वाढवलेल्या पिलांचे पाय वाकतात, पिलू बसूनच राहतं. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व पक्ष्याच्या अंगी फारसे लागत नाही, आणि बदकाच्या पिलाला ते कोंबडीच्या पिलापेक्षा जास्त लागते. मका टाकाऊ नव्हे, वजन त्यानेच भरते. पण जोडीला सुकट किंवा यीस्ट हवे. भरडा ओलसर करून, शेजारी पाणी ठेवून घालावा. उरला तर त्याच दिवशी काढून टाकावा. ओल्या भरड्याला बुरशी लवकर धरते.