म्हातारी माणसे घरात का पडतात?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? भूकंप झाला. उमरगा-लोहाऱ्याकडची दगडमातीची घरे बसली. माझी थोरली बहीण आक्का त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. पण पुढे सिमेंटच्या नव्या घरात ती नुसत्या ओल्या फरशीवर पडली. खुब्याचे हाड मोडले. सहा महिने अंथरूण सुटले नाही.

लोक म्हणाले, "वय झालं, पडायचंच." मला हे पटत नाही. वयाने नजर मंद होते, गुडघ्यातला जोर जातो, हाडे ठिसूळ होतात, हे खरे. पण त्याच पायांनी आक्का रोज ढेकळांतून शेतात जाऊन येत होती. मग घरात कशी पडली?

जुन्या घराची जमीन शेणाने सारवलेली असे. तिच्यावर पाय ठरत असे. नव्या घरात गुळगुळीत फरशी आली. तिच्यावर साबणाचे पाणी राहिले की पाय सटकलाच.

आम्ही न्हाणीत खडबडीत फरशी बसवली. शेवाळ धरू नये म्हणून ती खराट्याने घासतो. गवंड्याकडून भिंतीत लोखंडी दांडा पक्का बसवून घेतला. कपडे टांगायची खुंटी या कामाची नव्हे, ती भाराने उपटून येते. दांडा पाहून आक्का रागावली, "मी काय पांगळी हाय व्हय?" आता तिची सूनसुद्धा तोच धरते! उंबऱ्यालाही पांढरा रंग दिला, म्हणजे ठेच लागत नाही.

रात्री लघवीला उठताना जास्त जपावे. बाजेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेत घागर, चपला, पोरांची दप्तरे ठेवू नयेत. दिव्याचे बटण हाताशी हवे. वीज जाते, म्हणून उशाशी बॅटरी ठेवावी. झोपेतून एकदम उभे राहू नये, चक्कर येते. आधी पाय खाली सोडून थोडा वेळ बाजेवर बसावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असून चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

एवढे करूनही कोणी पडले तर? आक्काचा पाय आम्ही दोन दिवस तेल लावून चोळला. ती आमची मोठी चूक. पडलेल्या माणसाला ओढून उठवू नका, चोळू नका. पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळले, उभे राहवेना, तर खुबा मोडला असे समजा. लगेच 108 ला फोन लावा, ती गाडी पैसे घेत नाही. गाडी येईपर्यंत पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावून ठेवा.