ज्वारीनंतर ज्वालामुखी

जालना–मंठा–जिंतूर रस्त्यावर देवगाव फाट्याला उतरून सेलूकडे वळलं की काळी रानं लागतात. वैशाखात त्यांना अशा भेगा पडतात की वासराचा खूर अडकावा आणि हातभर काठी अलगद आत जावी. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की सगळ्या मिटतात. दर वर्षीचंच, म्हणून मोठी माणसं त्याबद्दल काही विचारत नाहीत. विचारतं ते लहान पोर: ही माती फाटते, मग पलीकडचा मुरमाड माळ का फाटत नाही? फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिता पिता याचं उत्तर एका शब्दात मिळेल: ऊन. पण ऊन माळावरही तेवढंच पडतं.

हा प्रश्न घेऊन मराठी विश्वकोशासमोर बसून बघा. आधी ‘मृदा’. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश भरपूर असतो आणि त्यात मॉन्टमोरिलोनाइटाच्या जातीची खनिजं असतात. यांचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पाऊस आला की पाण्याचे रेणू पापुद्र्यांच्या मधे शिरतात आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. एका कणातली ही हालचाल डोळ्यांना दिसणारी नाही, पण एकराएकरांत ती एकदम झाली की रान फुगतं. उन्हानं पाणी उडालं की तेच रान आकसतं, आणि आकसताना फाटतं. मुरमात असे फुगणारे पापुद्रे फारसे नाहीत, म्हणून माळ शांत असतो. परभणीकडं काळ्या रानात घर बांधलं की दोन-चार वर्षांत भिंतीला तिरपी चीर का जाते आणि जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणा म्हणून का हटून बसतात, याचंही उत्तर याच नोंदीत सापडतं. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर ढकलली जाते. माणसानं औत धरलं नाही तरी ही माती हळूहळू स्वतःला उलटीपालटी करत असते.

उत्तर मिळालं. पण हे पापुद्रे आले कुठून? आता ‘बेसाल्ट’. या काळ्या खडकातली खनिजं हवापाण्यानं झिजली, विघटित झाली आणि पाण्याचा निचरा कमी असलेल्या सखल भागात त्यांची ही फुगरी माती झाली. मग बेसाल्ट कुठून आला? ‘दक्षिण ट्रॅप’ काढा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा आला तो एखाद्या शंकूच्या टोकातून नव्हे, तर बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब चिरांमधून. तो थरावर थर पसरत गेला. आज उरलेला त्याचा विस्तार ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सह्याद्रीकडं त्याची जाडी २,००० मीटरच्या पुढं जाते. शेतातल्या भेगेचा शोध घेत निघालेला माणूस पृथ्वीला पडलेल्या भेगेपाशी येऊन उभा राहतो. तोवर चहा निवलेला असतो.

आणि आता खरी गंमत. या रानात पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते ती ज्वारी. मराठी अक्षरांच्या क्रमानं शब्द लावले की ज्वारीच्या पुढं थोड्याच अंतरावर येतो ज्वालामुखी. हा निव्वळ वर्णमालेचा योगायोग. पण जे पीक ज्या मातीत येतं, ती माती ज्या आगीतून आली, ती आग त्या पिकाच्या शेजारी छापलेली असावी, हे मला एखाद्या कवीनं योजल्यापेक्षाही सरस वाटतं. संगणकाच्या शोधचौकटीत ‘ज्वारी’ लिहिलं तर ज्वालामुखी कधीच समोर येणार नाही, कारण तो मागितलेला नसतो. छापील कोशात न मागितलेलं फुकट मिळतं. कापूस बघायला गेलेल्या माणसाला वाटेत कापूर लागतो, आणि दोन-चार पानं जास्त उलटली तर काफ्का.

या शेजाराचा मोह बाजूला ठेवून ज्वारीतच थांबलात तरी चालेल. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याची ओढ बसलेली किंवा कापणीनंतर फुटलेली, गुरांनी खाल्ली तर ती दगावतात, हे देवगावच्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं. का, हे मात्र कोशाला विचारावं लागतं. कोवळ्या पाल्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. चावताना पेशी फुटल्या की वनस्पतीतल्याच विकरांमुळं त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. ताट पक्व झालं, वाळून कडबा झाला, की धोका ओसरतो. याच जातीचं द्रव्य टॅपिओकाच्या कंदातही असतं. किसून, धुऊन, वाळवून ते निघून जातं, आणि उरलेल्या पिठुळाचा साबुदाणा होतो. एकादशीची खिचडी आणि गोठ्यातलं संकट एकाच कोशात भेटतात, ते असे.

आता कुणी म्हणेल, यासाठी कोश विकत कशाला हवा, ग्रंथालय आहे की. पण रोजच्या प्रश्नाचं आयुष्य फार थोडं असतं. जेवताना निघालेला प्रश्न हात धुवेपर्यंत जगतो. त्यासाठी उद्या एसटीनं सेलूला जाऊन ग्रंथपालांकडून खंड मागून घ्यायचा म्हटलं, तर तो फाट्यावरच मेलेला असतो. संदर्भग्रंथ बहुतेक ठिकाणी घरी नेऊ देत नाहीत, तेही एक. म्हणून कोश घरात, हाताशी, परतीच्या तारखेशिवाय असावा लागतो. उष्ट्या हातानं उघडता येईल असा. (काही घरांत तो काचेच्या कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्ली आजोबांकडं असते. त्याला कोश बाळगणं म्हणत नाहीत.)

ही गरज मराठी माणसाला आहे, आणि ती भागवायला तो पैसेही मोजेल, यावर पहिला मोठा डाव लावला श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. रायपूरला १८८४ साली जन्मलेले केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले. भारतातल्या जातिव्यवस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९०९ साली इंग्रजीत निघालं. परत येऊन त्यांनी कोशासाठी चक्क एक मर्यादित कंपनी काढली, आधी नागपुरात. मग काम पुण्याला नेलं. भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा करायला ते गावोगाव हिंडले. ज्ञानाचा भाग विकत घ्या, असं सांगत दारोदार फिरणाऱ्या डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाबद्दल लोकांना काय वाटलं असेल! पण १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे राहिले. त्यातही पहिले पाच खंड अक्षरांच्या क्रमानं नाहीतच. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास असे ते सलग ग्रंथ आहेत. प्रश्न विचारायच्या आधी वाचकानं जगाकडं कुठं उभं राहून बघायचं, हे केतकरांना ठरवायचं होतं. इंग्रजी ज्ञानकोश ब्रिटानिका १७६८ मध्ये एडिनबरोतून जगाकडं बघू लागला होता. यांना ते महाराष्ट्रातून बघायचं होतं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढं सहा भागांचा सुलभ विश्वकोश केला. एवढी माणसं या एका नादापायी आयुष्य घालवायला तयार झाली.

त्या काळात देवगाव, सेलू, सगळी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, शाळेत उर्दू, वर इंग्रजी. अशा मुलखात जगाची माहिती स्वतःच्या भाषेत कपाटात असणं ही केवळ सोय नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान संपलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी राज्यानं साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. वाईला विश्वकोशाचं काम सुरू झालं ते त्यांच्याच हाताखाली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि धर्मशास्त्र शिकलेल्या शास्त्रीबोवांच्या देखरेखीखाली बेसाल्टवर, बॉयलरवर आणि जीवाणूंवर मराठीत नोंदी लिहिल्या गेल्या, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्याआधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह काढावा लागला, कारण कशाला काय म्हणायचं हे ठरल्याशिवाय उत्तर लिहिणार कसं? नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव, आडनाव आधी. कुणी तरी सही करून दिलेलं उत्तर आहे हे. मधे मधे बाण असतात, दुसऱ्या नोंदीकडं धाडणारे. मातीपासून दक्षिण ट्रॅपपर्यंत आपण आलो ते अशाच बाणांच्या जोरावर. विसावा खंड २०१५ मध्ये पुरा झाला. नोंदी सुमारे १८,०००.

चाळीस वर्षं अक्षरांच्या रांगेत चालायचं म्हणजे एक विचित्र अडचण येते. इ आणि ए ही अक्षरं १९७० च्या दशकातच छापून झाली होती. एड्सची ओळख जगाला १९८१ मध्ये पटली, तोवर त्याची जागा निघून गेलेली. इंटरनेटचंही तेच. रोगानं किंवा शोधानं जन्म घ्यावा तर आपलं अक्षर यायच्या आधी! प्लुटो जुन्या खंडांत बिनघोर ग्रह आहे. २००६ मध्ये त्याला वगळलं. फाट्यावरून मंठ्यामार्गे गाठता येणारं लोणार घ्या. उल्कापातानं बेसाल्टात पडलेला, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा पूर्वी ५० हजार वर्षांचा समजत. अलीकडच्या आर्गॉन कालमापनानं त्याचं वय साडेपाच लाख वर्षांच्या पुढं नेलं. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यामागं खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. हे कुठल्याच जुन्या खंडात असणं शक्य नव्हतं.

पण छापील चूक सालासकट असते. खंडाचं पहिलं पान उलटलं की कळतं, अमुक वर्षी माणसांना एवढं ठाऊक होतं. पडद्यावरचं पान रातोरात दुरुस्त होतं आणि काल काय लिहिलं होतं याचा वाचकाला बहुतेकदा मागमूस राहत नाही. दुरुस्ती हवीच, माझं भांडण तिच्याशी नाही. माझ्या हाताशी दोन्ही असावीत, एवढंच.

ब्रिटानिकानं २०१२ मध्ये छपाई थांबवली. केतकरांचे खंड आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, विश्वकोशाचेही. वेगवेगळ्या विषयांची ज्ञानमंडळं नव्या नोंदी लिहितात आणि जुन्या सुधारतात. तिथं कुणाला आपल्या अक्षराची पाळी चुकल्याची चिंता नाही. अक्षरांच्या रांगेत जागा न मिळालेल्या इंटरनेटवरच सगळा विश्वकोश राहायला आला आहे, आणि देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्याच्या खिशातही तो मावतो.