२ एप्रिलची दुसरी फायनल

२ एप्रिल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? २०११, वानखेडे आणि धोनीचा तो सिक्सर! बरोबर. आता सांगा, बरोब्बर एक वर्षाने, २ एप्रिल २०१२ ला, वानखेडेच्या जवळच असलेल्या महिंद्रा स्टेडियमवर कोणती फायनल झाली?

नाही ना आठवत? ती होती ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ची फायनल. आणि त्यात आपला महाराष्ट्राचा संघ होता, पुणे स्ट्रायकर्स!

आयपीएलसारखीच ही हॉकीची प्रोफेशनल लीग. ८ शहरांचे संघ, ५९ सामने, टीव्हीवर लाइव्ह. पुण्याच्या खडकीतला धनराज पिल्ले वयाच्या ४३ व्या वर्षी कर्नाटक लायन्सकडून मैदानात उतरला होता. फायनलमध्ये शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ असं हरवलं. दुसरा सीझन जाहीर झाला, पण तो कधी झालाच नाही.

असं का झालं? तेव्हा देशात हॉकीच्या दोन संघटना भांडत होत्या. लीग भरवली इंडियन हॉकी फेडरेशनने. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता मात्र हॉकी इंडियाकडे. लीग खेळाल तर भारतीय संघाचं दार बंद, असा इशारा खेळाडूंना मिळाला. वर्ष होतं लंडन ऑलिम्पिकचं! म्हणजे एकीकडे पैसे, दुसरीकडे भारताची जर्सी. शिवाय लीग संपल्यावर मानधन थकल्याच्या तक्रारीही खेळाडूंनी केल्या. भांडण पदाधिकाऱ्यांचं, पण त्याची झळ बसली ती खेळाडूंना.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्या धाडशी काय संबंध? आहे ना! आता गावोगावी कबड्डी, क्रिकेटच्या ‘प्रीमियर लीग’ होतात. बोली लागते, नाव छापलेली जर्सी मिळते, स्टेटस पडतात. भारीच वाटतं! फक्त खेळायला ‘हो’ म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा. स्पर्धेला अधिकृत संघटनेची मान्यता आहे का? पैसे किती आणि कधी मिळणार, हे कागदावर आहे का? आणि गुडघा फुटला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार?

विचारायला लाजू नका. पुण्याकडून फायनल खेळलेल्या पोरांचा खेळ खराच होता. स्पर्धेचा पायाच कच्चा निघाला, म्हणून ती फायनल आज कुणाच्या लक्षात नाही.