पूल पडला रात्रीत, जमीन मिळाली वर्षांनी

पुण्यात मुंबई-बंगळुरू महामार्ग आणि मुळशीचा रस्ता जिथे मिळतात, तो चांदणी चौक. कोथरूड, बावधन, पाषाण, वारजे अशा सगळ्या बाजूंची वाहने इथे येऊन तासन्‌तास अडकून पडत. महामार्गावरचा जुना पूल तर अगदीच तोकडा होता.

उपाय ठरला. प्रत्येक दिशेच्या वाहनांना स्वतंत्र वाट देणारे उड्डाणपूल, भुयारी मार्ग आणि सेवा रस्ते. बांधकाम केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाने करायचे, जमीन महापालिकेने मिळवून द्यायची. कागदावर वाटणी सरळ होती. २०१७ मध्ये भूमिपूजनही झाले. पण सगळी जमीन हाती कुठे होती?

शहरात जमीन म्हणजे कुणाचे तरी घर, कुणाचे दुकान. मालकाला मोबदला रोख हवा असतो. पालिकेला तो परवडत नाही, म्हणून ती टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क, देऊ करते. या घासाघिशीत वर्षे जातात आणि खर्च वाढत राहतो.

अखेर २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके वापरून जुना पूल पाडण्यात आला. १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या पुलांचे उद्घाटन झाले. एकूण खर्च सुमारे ८६५ कोटी रुपये!

तुमच्या गावात उद्या उड्डाणपुलाचा नारळ फुटेल. टाळ्या जरूर वाजवा. पण आधी एवढेच विचारा, ‘जमीन किती ताब्यात आली?’