कॉलनीत लागणारे ब्रेक घाटात का दगा देतात?

पुण्याहून मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी गॅरेजवाल्याने मित्राला सांगितलं होतं, "पुढचे पॅड संपत आलेत." मित्राने कॉलनीत दोनदा ब्रेक मारून पाहिला. गाडी जागच्या जागी थांबली. "लागतायत की! आल्यावर बदलू." खंडाळ्याच्या खाली, निम्म्या उतारावर, पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं.

त्याची चाचणी खोटी नव्हती. ती भलत्याच गोष्टीची होती. कसं, ते पाठकोऱ्या कागदावर मांडून बघा.

माणसं-सामानासकट गाडी 1500 किलो धरा. ताशी 80 किमीवरून थांबताना ब्रेकना साधारण 370 किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. बोरघाटात साधारण 500 मीटर खाली उतरताना? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची : 7350 किलोज्यूल. म्हणजे तसं वीस वेळा थांबणं! चारही चाकांच्या डिस्क-ड्रमचं 20 किलो लोखंड धरलं आणि सगळी उष्णता त्यातच राहिली, तर तापमान 800 अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, त्यामुळे ही वरची मर्यादा समजा. (असा ढोबळ अंदाज प्रयोगाआधीच काढायचा असतो. पेटच्या अभ्यासात हे कुणी शिकवत नाही.)

आता पॅडकडे या. झिजलेल्या पॅडचं घर्षण थंड असताना फारसं कमी होत नाही, म्हणूनच कॉलनीत फसगत होते. पण जाड पॅड उष्णता अडवतो; पातळ झाला की ती कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मानकानुसार नव्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस हवा, पाणी मुरलेल्याचा किमान 140. ते उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. तुमचा पाय वाफ दाबण्यात खर्च होतो, पॅड दाबण्यात नाही.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये तर अजिबात उतरू नका. ब्रेकवर सतत पाय ठेवण्यापेक्षा अधूनमधून नीट दाबून सोडा. पेडल बसलंच, तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. झटक्यात ओढलात तर मागची चाकं घसरतील.

आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कडेला लागलो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक झालं. मित्र म्हणाला, "बघ, झालं ठीक." गाडी मात्र टोइंगवाल्यानेच खाली नेली.