ऑटो-रिकव्हरी म्हणजे ‘सेव्ह’ नव्हे
गणपती तोंडावर आले की गिरगाव-लालबागच्या डीटीपीवाल्यांकडे मंडळांचे बॅनर, अहवाल, पावतीपुस्तकं यांची झुंबड उडते. प्रोग्रॅम हँग व्हायलाही नेमका हाच मुहूर्त सापडतो.

फोटोशॉपमध्ये २०१२च्या सीएस६पासून ऑटो-रिकव्हरी (प्रोग्रॅमने परस्पर ठेवलेली तात्पुरती प्रत) आहे. तिलाच ‘सेव्ह’ समजण्याची गल्लत सर्रास होते. खजिनदार वर्गणीचा आकडा घाईत चिठोऱ्यावर टिपतो, तशी ही प्रत. वहीत तो आकडा त्यालाच उतरवावा लागतो. मूळ सेटिंगमध्ये ही तात्पुरती प्रत दर १० मिनिटांनी घेतली जाते. नवव्या मिनिटाला वीज गेली, तर तेवढं काम गेलंच. प्रोग्रॅम पुन्हा उघडल्यावर ‘रिकव्हर्ड’ अशी खूण असलेली फाइल समोर येते. ती लगेच सेव्ह करावी. बंद करताना सेव्ह करायचं का, या प्रश्नाला वैतागून ‘नो’ दाबलं, की तीही गेली.

कोरलड्रॉची ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणारी फाइल वेगळी: ती आधीच्या सेव्हची प्रत असते.