लहान मुलांचा आतड्याचा दाह : दोष कुळाचा की काळाचा?

मुलाच्या शौचातून रक्त पडते, वजन वाढत नाही, आणि तपासण्यांअंती आतड्याचा दीर्घकालीन दाह, म्हणजेच आयबीडी, असे निदान होते. अशा वेळी बुधवाऱ्यातील दवाखान्यात पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "आमच्या घराण्यात कोणालाच नव्हते, मग याला कुठून आले?" असे आजी विचारते, आणि नजर सुनेच्या माहेराकडे वळते. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आज शास्त्राजवळ आहे. ते वैद्यकबंधूंप्रमाणे समाजबांधवांनाही ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरता राहतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊन आतड्याची सबंध भिंत पोखरू शकतो. २००१ साली सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड-२ या जनुकाचा क्रोन्स डिसीजशी संबंध सिद्ध झाला. हे जनुक जिवाणूंच्या आवरणाचे अंश ओळखण्याचे काम करते. त्यानंतर अशी दोनशेहून अधिक जनुकस्थाने सापडली. त्यांपैकी बहुतेकांचा वाटा अगदी अल्प. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स डिसीज झाला तरी दुसरा पुष्कळदा निरोगी राहतो, यावरून केवळ जनुकांवर खापर फोडता येत नाही हे दिसते.

युरोपीय रुग्णांत आढळणारे नॉड-२ चे तीन प्रमुख बदल भारतीयांत फारच क्वचित सापडतात. परदेशी पुस्तक पाहून ही तपासणी लिहून देण्यात पालकांचा पैसा तेवढा जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. दिल्ली विद्यापीठ आणि लुधियानाचे दयानंद मेडिकल कॉलेज यांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर भारतीय रुग्णांवरील अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसचा ठळक संबंध सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए विभागाशी आढळला. इंग्लंडमधील लेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या भारतीयांत या आजाराचे प्रमाण तेथील गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचे १९९२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे प्रवृत्ती आपल्यातही आहे. बदललेले राहणीमान तिला वर आणते.

एक जनुक मात्र आपल्या रोजच्या कामाचे आहे. ॲझाथायोप्रिन सुरू केल्यावर काही मुलांचे केस झपाट्याने गळतात व पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. यामागे बहुधा एनयूडीटी-१५ या जनुकातील बदल असतो. २०१४ मध्ये कोरियन रुग्णांत तो प्रथम लक्षात आला. दक्षिण आशियाई लोकांत साधारण दहांत एकाकडे तो असतो. ही तपासणी औषधापूर्वी करावी, आणि केली तरीही आरंभी रक्तपेशींची मोजणी वरचेवर व्हावी.

सहा वर्षांखालील, विशेषतः दोन वर्षांखालील मुलांचा हिशेब निराळा. त्यांच्यापैकी काहींत एकाच जनुकातील दोष संपूर्ण आजार घडवतो. इंटरल्यूकिन-१० हा दाह आवरणारा संदेश; तो ग्रहण करणारे जनुक सदोष असल्यास जन्मानंतर काही महिन्यांतच रक्ती जुलाब आणि गुदद्वाराभोवती भगंदर होते. हे २००९ मध्ये उघड झाले, आणि त्याच शोधनिबंधातील एक बालक अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाने सुधारले. अशा बालकाला केवळ स्टेरॉइडवर ठेवणे म्हणजे वेळ दवडणे होय.

येथे आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भाला धोका चारांत एक. तेव्हा सून व सासर यांचा वाटा समसमान. जवळच्या नात्यातील विवाहात हा योग अधिक जुळतो. मामाची मुलगी करण्याची रीत मराठी समाजातील अनेक जातींत आहे, चुलत-मावस भावंडांचे विवाह आपल्या शहरातील इतर समाजांतही होतात. कोणालाही बोल न लावता केसपेपरवर आईवडिलांचे नाते लिहावे. एक्स-आय-ए-पी या जनुकाचा दोष मात्र आईकडून मुलग्याकडे येऊ शकतो, तेव्हा मामांचे आजार विचारावेत.

आपल्याकडे क्षयाचे दडपण मोठे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स डिसीज सूक्ष्मदर्शकाखालीही सारखे भासू शकतात, त्यामुळे क्षयाची औषधे सुरू होणे स्वाभाविक आहे. पण दोन-तीन महिन्यांत गुण नसेल, तर दुसरा कोर्स लिहिण्याऐवजी निदानाचा फेरविचार करावा. बीसीजीच्या बाजूची काखेतील गाठ फुटून वाहत राहिली आणि सोबत रक्ती जुलाब असतील, तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजची शंका घ्यावी. त्यासाठीची डीएचआर ही रक्ततपासणी मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत होते; लहान मुलांचे वाडिया रुग्णालयही परळलाच आहे. बऱ्हाणपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी तेथे पोहोचता येते.

जनुकातील नेमका दोष सापडला, तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर गर्भाची तपासणी करता येते. म्हणून बालक हाती लागणार नाही असे दिसत असले, तरी पालकांच्या संमतीने त्याचे दोन-तीन मिलिलिटर रक्त ईडीटीएच्या नळीत घेऊन, नाव व तारीख घालून, प्रयोगशाळेकडे जतनासाठी पाठवावे.